एकवीस हजारांची रेघ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर चार शब्द बोलण्यास सांगितलें होतें. तो इतिहास स्मरणिकेच्या इतर पानांवर माझ्याहून अधिक जाणत्या हातांनीं लिहिला जात आहे, आणि आपल्यांतील वृद्धांस जें तोंडपाठ आहे तें मीं पुन्हां सांगण्यांत फारसा अर्थ नाहीं. म्हणून समितीची क्षमा मागून मी आज निराळाच विषय घेतों. जो मनुष्य प्रामाणिकपणें काम करतो, परंतु त्या कामानें ज्याचें पोट पुरतें भरत नाहीं, तो सरकारी साह्य मागावयास गेला म्हणजे त्याच्या वाट्यास काय येतें, हा तो विषय होय. महोत्सवाच्या दिवशीं हा विषय रूक्ष वाटेल. पण रविवारीं देवळांत मागच्या बांकांवर बसणाऱ्या कितीएक भगिनींचा तो रोजचा विषय आहे, आणि गेलीं कित्येक वर्षें तो माझ्या कचेरीचें दार ठोठावीत आला आहे.

सोलापूर म्हटलें कीं परगांवच्या माणसास चादर आठवते. आपल्याला गिरण्यांचे भोंगे आठवतात. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पुरुष यंत्रमागाकडे वळले; पण घरांतील स्त्रियांच्या मांडीवरचें सूप मात्र खालीं उतरलें नाहीं. तेंदूचें पान भिजवावें, मापानें कातरावें, त्यांत चिमूटभर तंबाखू घालून तें वळावें, तोंड दुमडावें, दोरा बांधावा. असें हजार वेळां केलें म्हणजे एक हजारी मजुरी पदरांत पडते. कारखान्यावर माल देतांना कांहीं विड्या 'छाट' म्हणून बाजूस निघतात, त्यांचे श्रम फुकट जातात. विडी ओढणें हें शरीरास घातक आहे, हें मीच आपणांस अनेक वेळां सांगितलें आहे आणि पुढेंहि सांगेन. परंतु ती वळणाऱ्या बाईस दुसरें काम देण्याची व्यवस्था आपण कोणीं केली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या स्त्रियांसाठीं कायद्यानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं बसून विडी वळणारीसहि कामगार मानलें. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या व तो जुना कायदा त्यांत सामावला गेला. १९७६ सालीं विडीकामगार कल्याण निधि स्थापन झाला. त्यासाठीं विड्यांवर उपकर बसविण्यांत आला. १९७७ सालीं भविष्यनिर्वाह निधीची योजना या धंद्यास लागू झाली. कारखानदारांनीं तक्रार केली कीं, घरीं बसून काम करणारी बाई आमची नोकर कशी? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८५ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, तिलाहि ही योजना लागू आहे. ओळखपत्र, मुलांना शिष्यवृत्ति, औषधपाणी, म्हातारपणीं थोडेंसें निवृत्तिवेतन, हें सर्व त्या लढ्यांचें फळ आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं इयत्तेप्रमाणें वर्षाकाठीं एक हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळण्याची सोय त्यांतूनच झाली.

एक गोष्ट जातां जातां सांगतों. तो उपकर ज्या विड्यांवर बसे, त्या विड्या या स्त्रियांनींच वळलेल्या असत. म्हणून मुलाची शिष्यवृत्ति मागतांना आई मनांत म्हणूं शके कीं, हा माझ्याच हातचा पैसा आहे. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना बंद झाल्या नाहींत, पण आतां त्यांचा पैसा सर्वसाधारण तिजोरींतून येतो. हिशेबनिसाच्या दृष्टीनें हा किरकोळ फरक असेल. मागणाऱ्या बाईच्या दृष्टीनें तो किरकोळ आहे असें मला वाटत नाहीं.

आतां २०१८ सालची एक हकीकत सांगतों. ज्यांची ती आहे त्या बाई या सभेंत बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच मी बोलत आहें. त्या कोण, हें आपण शोधूं नये.

यंत्रमागावर काम करणारा त्यांचा नवरा वारला. त्यांचें वय तेव्हां सत्तावन्नाच्या सुमारास. थोरल्या मुलीचें लग्न झालेलें, धाकटा मुलगा आय.टी.आय.मध्यें शिकत होता. बाई विड्या वळीत होत्या. त्यांनीं एकाच पावसाळ्यांत दोन अर्ज केले: एक मुलाच्या शिष्यवृत्तीचा, दुसरा संजय गांधी निराधार अनुदानाचा. शिष्यवृत्तीसाठीं त्यांना सिद्ध करावें लागलें कीं, आपण खरोखरच विड्या वळतों: ओळखपत्र, निधीचा क्रमांक, कारखान्याचा दाखला. निराधार अनुदानासाठीं त्यांना सिद्ध करावें लागलें कीं, आपणांस जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. पिशवी एकच आणि पिशवींतलें कार्डहि एकच. एका खिडकीवर तें पुढें करावयाचें आणि दुसऱ्या खिडकीवर पदराखालीं झांकावयाचें!

बाईंनीं तें झांकलें नाहीं. कचेरींतल्या माणसानें कार्ड पाहिलें आणि विचारलें, "तुम्ही काम करतां, फंड कापला जातो, मग निराधार कशा?" त्याचा मी राग धरीत नाहीं. नियम त्यानें केले नव्हते, आणि त्याच्या मेजावरचा गठ्ठा मीं पाहिला आहे. त्यानें उत्पन्नाचा दाखला आणण्यास सांगितलें. निराधार योजनेची अट अशी कीं, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें. म्हणजे महिन्यास १,७५० रुपये, दिवसास अठ्ठावन्न रुपयेहि नव्हेत. दाखल्याचा अर्ज भरून देणाऱ्या मुलानें लेखणी थांबवून विचारलें, "मावशी, वीस हजार लिहूं का? सगळे तेंच लिहितात." बाई म्हणाल्या, "थांब, फादरना विचारून येतें."

त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "फादर, खालीं सही करायची आहे. वर लिहिलंय कीं सगळं खरं आहे. लिहूं काय वीस हजार?"

मीं कागद पाहिले. आठवड्याचे चार-पांच दिवस काम, कधीं पानाचा तुटवडा, कधीं तंबाखूचा. तरीहि वर्षाची मजुरी चोवीस हजारांच्या घरांत जात होती. गुरुकुलांत आम्हांस नीतिशास्त्र शिकविलें गेलें होतें. शपथ म्हणजे काय, असत्य कशास म्हणावें, मौन कोठें क्षम्य होतें, यांवर आम्हीं परीक्षा दिल्या होत्या. एकवीस हजारांच्या रेघेचा धडा मात्र त्या पुस्तकांत नव्हता. मीं सांगितलें, "बाई, खोट्यावर सही करूं नका. खरें तेंच लिहा." त्या "बरं, फादर" म्हणाल्या आणि गेल्या. दाखल्यावर चोवीस हजार आले. अर्ज नामंजूर झाला.

त्या वेळीं अनुदान दरमहा ६०० रुपये होतें, म्हणजे वर्षास ७,२००. आपण सर्व हिशेबी माणसें आहोंत, म्हणून हा हिशेब माझ्याबरोबर करून पाहा. मर्यादेहून तीन हजार अधिक मिळविले म्हणून बाईंचे सात हजार दोनशें गेले. त्यांनीं वर्षाकाठीं तीन-साडेतीन हजारांच्या विड्या कमी वळल्या असत्या, दुपारच्या वेळीं सूप बाजूस ठेवून स्वस्थ पडून राहिल्या असत्या, तर वर्षाच्या अखेरीस त्यांच्या हातीं चार हजार अधिक पडले असते. आळशी मनुष्यास साह्य देऊं नये असें ज्यांचें आग्रहाचें मत आहे (आणि आपल्या सभेंत तसे पुष्कळ आहेत), त्यांनीं हा हिशेब दोनदां करावा. ही रेघ आळशास अडवीत नाहीं. ती कष्टाळू बाईसच अडविते, कारण तिच्या कष्टाची नोंद असते.

शेजारच्या गल्लींतील एका बाईनें वीस हजार लिहिले. तिला अनुदान मिळालें. तिची परिस्थिति आमच्या बाईंहून चांगली नव्हती, आणि तिला दोष देण्याचें धैर्य मला होत नाहीं. तथापि आमच्या बाईंस मीं जें सांगितलें तें चुकीचें होतें असेंहि मला आज वाटत नाहीं. मला बोंचतें तें निराळेंच. त्या उत्तराची किंमत मला एक पैसाहि पडली नाहीं. ती सगळी त्यांनीं भरली: प्रथम महिन्यास सहाशें, २०१९ मध्यें अनुदान हजार झालें तेव्हां हजार, २०२३ मध्यें पंधराशें झालें तेव्हां पंधराशें. आणि पुढील रविवारीं त्या नेहमींच्या बांकावर येऊन बसल्या, तेव्हां मीं प्रवचनांत सत्यनिष्ठेवर बोललों होतों. आठवलें म्हणजे मान खालीं जाते.

नामंजुरीचा कागद हातीं येईपर्यंत त्यांना पांच खेपा पडल्या होत्या. पहिल्या दिवशीं साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशीं यंत्र बंद, तिसऱ्या दिवशीं कार्डावरील नांवांत आणि आधारवरील नांवांत एका वेलांटीचा फरक. बाई खेपा दिवसांत मोजीत नाहींत. त्या म्हणाल्या, "पांच हजार विड्या गेल्या, फादर." ती मजुरी पहिल्या महिन्याच्या अनुदानाहून अधिक होती. नोकरदार माणूस रजा टाकून कचेरींत जातो. ज्याची मजुरी नगावर आहे त्याची रजा त्याच्या स्वतःच्याच खिशांतून जाते, ही साधी गोष्ट कचेरीच्या वेळा ठरविणाऱ्यांच्या ध्यानांत कशी येत नाहीं कोण जाणे.

शिवाय अंगठा! धान्याच्या दुकानांत, बँकेंत, जिकडेतिकडे आतां यंत्रावर बोट ठेवावें लागतें. पान कातरून, वळून, दोरा ओढून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या, त्यांचें बोट यंत्र ओळखीत नाहीं. चाळीस वर्षें काम केल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असावा? पण यंत्रास तो पुरावा वाचतां येत नाहीं. मग मोबाइलवर आंकडा येईल म्हणतात, आणि मोबाइल असतो मुलाजवळ, पुण्यास.

पुढें २०२४ सालीं राज्यांत 'माझी लाडकी बहीण' योजना आली. त्यांतहि महिन्यास १,५०० रुपयेच मिळावयाचे. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आमच्या बाईंनीं खरें उत्पन्न लिहिलें आणि त्यांना पैसे मिळूं लागले. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणीं मी गोंधळलोंहि. राज्य एकच, रुपयेहि तितकेच; सर्वसाधारण भगिनीस अडीच लाखांपर्यंत सूट आणि निराधार विधवेस एकवीस हजारांची रेघ, म्हणजे जवळजवळ बारा पटींचा फरक, आणि तोहि जी अधिक दुबळी तिच्या विरुद्ध! निराधारांचें अनुदान सहाशें होतें तेव्हां मर्यादा एकवीस हजार होती. अनुदान पंधराशें झालें तेव्हांहि ती एकवीस हजारच राहिली. भाव वाढले, मजुरी वाढली, अनुदानहि वाढलें. रेघ तेवढी जागची हालली नाहीं. हें कोणी दुष्टपणानें केलें असें मी म्हणत नाहीं. बहुधा कोणाच्या लक्षांतच राहिलें नाहीं. गरिबाचें नुकसान पुष्कळदां असें विस्मरणानेंच होत असतें.

त्या योजनेंतहि कांटे होतेच. २०२५ च्या सप्टेंबरांत सर्व लाभार्थी भगिनींनीं आधारची पडताळणी करून घ्यावी असा हुकूम निघाला, आणि तींत पतीचा किंवा पित्याचा आधार क्रमांक मागितला गेला. साठी उलटलेल्या विधवेनें पति किंवा पिता आणावा कोठून? मृत्यूचा दाखला देऊन पुढें वाट निघाली, पण तोंपर्यंत आमच्या कचेरीच्या पायरीवर सकाळीं सात वाजल्यापासून रांग लागत असे, आणि त्या रांगेंत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नव्हता.

इतर देश या प्रश्नाचें काय करतात, हें मीं थोडें वाचून पाहिलें. इंग्लंडांत काम करून कमी मिळविणाऱ्यांस सरकार साह्य देतें. त्यांची मिळकत वाढली तर साह्य एकदम तोडीत नाहीं. ठराविक सुटीच्या वर मिळविलेल्या प्रत्येक पौंडामागें ५५ पेन्स कापलें जातात, हा दर २०२१ सालापासून आहे. तोच हिशेब आमच्या बाईंस लावला असता तर वरच्या तीन हजारांमागें १,६५० रुपये कापून ५,५५० रुपये त्यांच्या हातीं राहिले असते. तेथेंहि सर्व आलबेल आहे असें नाहीं. मिळकत महिन्याच्या महिन्यास मोजतात; एकाच मोजणींत दोन पगार आले तर त्या महिन्याचें साह्य घटतें किंवा बंद होतें, आणि लोक कपाळाला हात लावतात. परंतु तेथें उतार आहे. येथें कडा आहे. उतारावरून घसरणारा माणूस कोठें तरी हात टेकूं शकतो.

आणि आपल्याच गांवांत निराळें उदाहरण नाहीं काय? कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नांवें विडीकामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली; २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें तीं घरें देण्यांत आलीं. त्याच परिसरांत रे नगर येथें असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची योजना झाली आणि त्यांपैकीं पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें लोकार्पण झालीं. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पक्षाशीं आपलें सर्व बाबतींत जमेल असें नाहीं, आणि माझें तर मुळींच जमत नाहीं. पण त्यांच्या नेतृत्वाखालीं हजारों स्त्रियांनीं वर्षानुवर्षें तगादा लावला म्हणून हीं घरें झालीं, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. शुभवर्तमानांतील ती विधवा आठवा, जिनें न्यायाधिशास झोंप येऊं दिली नाहीं. शिवाय येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे: घर मिळविण्यासाठीं बाईस आपलें विडीचें कार्ड झांकावें लागलें नाहीं. कामगार आहे म्हणूनच तिला घर मिळालें. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं कामकऱ्यांच्या मजुरीविषयीं जें विश्वपत्र लिहिलें, त्याचें स्मरण ठेवूनच २०२५ सालीं निवडून आलेल्या पोपमहाशयांनीं लिओ हें नांव धारण केलें. त्या पत्रांतील विचार हाच कीं, काटकसरीनें राहणाऱ्या कामकऱ्याचें पोट भरेल इतकी तरी मजुरी असावी. ती तितकी असती तर आजचें माझें भाषणच झालें नसतें.

असो. आमच्या बाई आणखी थोड्या महिन्यांनीं पासष्टी ओलांडतील. लाडक्या बहिणीची वयोमर्यादा पासष्ट. त्यानंतर दार श्रावणबाळ योजनेचें, आणि त्या दारावर पुन्हां तीच एकवीस हजारांची रेघ. त्यांना भविष्यनिर्वाह निधीचें निवृत्तिवेतन मिळतें, महिन्यास एक हजार. २०१४ सालीं ठरलेला हा किमान आंकडा आहे. तें धरलें तर वर्षाचे बारा हजार तेथेंच झाले. उरले नऊ हजार, म्हणजे दिवसास पंचवीस रुपये. तेवढ्याच विड्या वळाव्या आणि मग हात थांबवावे, असा त्याचा अर्थ होतो. मुलगा लग्न करून पुण्यास कामाला गेला. तो पाठवील तेव्हां पाठवील. बाईंची नजर कमी झाली आहे, तरी दिवसास तीन-चारशें विड्या होतात.

परवां त्या कचेरींत येऊन उभ्या राहिल्या. हातांत तीच पिशवी. "फादर, आतां काय लिहायचं?"

मीं सांगितलें, "खरें तेंच लिहूं. पण या वेळीं मी तुमच्याबरोबर येतों." मागच्या खेपेस हें सांगावयाचें मला सुचलें नव्हतें. दाखल्यासाठीं, अर्जासाठीं, नामंजूर झाल्यास अपिलासाठीं, जितक्या खेपा पडतील तितक्या मी त्यांच्याबरोबर करणार आहें. म्हणून येत्या महिन्यापासून सोमवारीं सकाळीं मी कचेरींत भेटणार नाहीं. ज्यांना बाप्तिस्म्याचे वा लग्नाचे दाखले हवे असतील त्यांनीं मंगळवारीं यावें. रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आपले दोन पदवीधर तरुण कागद तपासून देण्यासाठीं सभागृहांत बसतील. ज्यांच्या कार्डावर आणि आधारवर नांवांत फरक आहे, त्यांनीं आधीं त्यांच्याकडे यावें, म्हणजे एक खेप तरी वांचेल.

आणि एक निवेदन तयार केलें आहे. निराधार व श्रावणबाळ या योजनांची उत्पन्नमर्यादा वाढवावी, मिळकत रेघेच्या वर गेल्यास अनुदान एकदम न तोडतां थोडथोडें कमी करावें, आणि भविष्यनिर्वाह निधीचें निवृत्तिवेतन उत्पन्नांत धरूं नये, एवढ्याच तीन मागण्या त्यांत आहेत. तें जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंत्रालयाकडे जाईल. पहिली सही त्या बाईंनीं काल संध्याकाळीं केली. दुसरी माझी आहे. कागद दाराजवळच्या मेजावर आहेत, चहाच्या भांड्यांच्या अलीकडे. ज्यांना सही येत नाहीं त्यांच्यासाठीं शाईची गादी ठेवली आहे.